डोंगरउतारावर पुरलेली वाहिनी

वाशीम जिल्ह्यांतून कारंजा, शेलूबाजार, मालेगांव अशी जी समृद्धि महामार्गाची नवी वाट गेली आहे, तिच्यावरून जातांना प्रवाशाचें लक्ष दुतर्फा पसरलेल्या सोयाबीन-तुरीच्या शेतांकडे किंवा दूरच्या टेकड्यांकडे जातें. त्याच रस्त्याच्या हद्दींत, अवघ्या ३ मीटर रुंदीच्या पट्ट्यांत, जमिनीखालून २४ इंच व्यासाची एक पोलादी वाहिनी गेली आहे. नैसर्गिक वायु मुंबईकडून नागपुराकडे नेण्यासाठीं ती घातली आहे. रस्त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला आणि तो सर्वांनीं पाहिला. वाहिनी मात्र चर बुजवितांच दिसेनाशी झाली. मधून मधून रोवलेले खुणेचे खांब तेवढे तिची साक्ष देतात.

पुरलेली वस्तु स्वस्थ पडून राहते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. पोलादी वाहिनीविषयीं ती सर्वस्वीं चुकीची होय. जमिनीखालीं वाहिनी क्षणभरहि मोकळी नसते. आंतील दाब तिला फुगवूं पाहतो, उष्णता लांबवूं पाहते, थंडी आंखडूं पाहते, आणि भोंवतालची माती तिला घट्ट धरून ठेवते. या ओढाताणीलाच अभियंते ताण म्हणतात. वाशीमच्या पठारावर हा ताण एका प्रकारचा असतो. आणि हीच वाहिनी इगतपुरी व कसारा यांच्या दरम्यान जेथें सह्याद्रीचा उतार चढते-उतरते, तेथें तो अगदीं निराळा होतो. एका ठिकाणचें औषध दुसऱ्या ठिकाणीं अपथ्य ठरावें, असा हा प्रकार आहे.

तेलाच्या वाहिन्यांचीहि कथा हीच. त्या महाराष्ट्राला नव्या नाहींत. मुंबईहून पुण्याकडे तेल नेणारी वाहिनी १९८५ सालीं सुरू झाली, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईहून मनमाडकडे दुसरी गेली. दोघींनाहि सह्याद्रि ओलांडावा लागला. घरांतला गॅस, मोटारींतलें पेट्रोल, शेतावरच्या पंपाचें डिझेल यांचा बराच भाग असा कोठें तरी डोंगराच्या अंगांतून आलेला असतो. म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांचा राहत नाहीं.

ताणाचें पहिलें कारण आंतील दाब. त्याचा हिशेब शाळेंतला आहे. उदाहरणादाखल ६१ सेंटिमीटर व्यासाची आणि १ सेंटिमीटर जाड भिंतीची वाहिनी घ्यावी, व आंत दर चौरस सेंटिमीटरला ९० किलो दाब आहे असें धरावें. दाबाला व्यासानें गुणून भिंतीच्या दुप्पट जाडीनें भागिलें म्हणजे उत्तर येतें २७४५. इतके किलो ताण पोलादाच्या दर चौरस सेंटिमीटरवर पडतो. आंकडा ऐकून छाती दडपते खरी. परंतु हा ताण सांगून येणारा पाहुणा आहे. तो आधींच ठाऊक असतो, आणि त्याच्या बेतानें पोलादाची जात व भिंतीची जाडी ठरविलेली असते.

दुसरें कारण तापमान. वऱ्हाडांत ज्यांनीं लहानपणीं गाडीच्या चाकाला लोखंडी धांव चढवितांना पाहिली असेल, त्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. धांव चाकापेक्षां मुद्दाम किंचित् लहान करितात, गोवऱ्यांच्या जाळांत ती लाल तापवितात, फुगलेली धांव चाकावर बसवून वर पाणी ओततात. लोखंड आंखडतें आणि लांकडी चाकाचे सारे सांधे करकर वाजत आवळले जातात. हातोड्याचा एकहि घाव न घालतां जें बळ त्या चाकाला आवळतें, तेंच बळ पुरलेल्या वाहिनींत असतें. फरक एवढाच, कीं चाकाच्या जागीं येथें धरती असते.

पोलादाचा मोकळा नळ १०० मीटर लांब असेल, तर तापमान एका अंशानें वाढतांच तो सव्वा मिलिमीटरच्या आंतबाहेर लांबतो. पुरलेल्या नळाला लांबण्यास मोकळीक नसते. तेव्हां न झालेली वाढ ताणाच्या रूपानें आंत कोंडली जाते. हिवाळ्यांतील पहांटे सांधलेल्या आणि पुढें २० अंशांनीं तापलेल्या वर सांगितलेल्या वाहिनींत या एकाच कारणानें लांबीच्या दिशेनें सुमारें ९५ टनांचा रेटा उत्पन्न होतो. सपाट आणि सरळ मार्गावर हा रेटा निरुपद्रवी असतो, कारण दोन्हीकडची माती त्याला तोलून धरते. पण वाहिनीला जेथें वांकण असेल, तेथें त्याला पळवाट सांपडते. घाटमाथ्यावर, चढ संपून उतार लागतो त्या कमानींत, तो वाहिनीला जमिनीबाहेर उचलूं पाहतो. पायथ्याच्या खोलगट वांकणांत तो तिला जमिनींत रोंवूं पाहतो. म्हणजे डोंगर चढणाऱ्या वाहिनीचीं वरचें व खालचें हीं दोन टोकें सदैव जागतीं ठेवावीं लागतात.

त्यांत उताराचें स्वतःचें वजन मिळतें. वरच्याच मापाच्या नळाचें पोलाद दर मीटरला सुमारें १४८ किलो भरतें. त्यांत वायु असेल तर वजनांत त्या मानानें थोडीच भर पडते. परंतु डिझेल भरलें तर दर मीटरला आणखी सुमारें २२५ किलो वाढतात. उतार ३० अंशांचा असला म्हणजे या वजनाचा निम्मा भाग नळाला खालीं ओढूं लागतो. २०० मीटरच्या उतारावर तो सगळा मिळून तेलवाहिनीच्या बाबतींत सुमारें ३७ टन होतो. शिवाय तेलाचा स्तंभ आपल्या उंचीचा दाब पायथ्यावर टाकतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच. तेवढ्या उंचीच्या डिझेलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या घरांत जातो. पंप बंद केला तरी हा दाब बंद होत नाहीं. तेलाची वाहिनी घाटांत वायूच्या वाहिनीपेक्षां अधिक बेताची असते ती याचसाठीं. तिची पाण्यानें चांचणी घेतांनाहि उताराचे तुकडे पाडून ती घ्यावी लागते. नाहीं तर माथ्यावर पुरेसा दाब येईपर्यंत पायथ्याशीं तो मर्यादेबाहेर जावयाचा.

हें सारें गणितांत बसतें. गणितांत सहज न बसणारी गोष्ट म्हणजे खुद्द डोंगर. पुरलेल्या वाहिनीला मातीचाच आधार. आणि तीच माती उतारावर सरकूं लागली, कीं आधारच ओझें होतो. सह्याद्रीच्या पावसाळ्यांत हें किती भयंकर होऊं शकतें, तें माळीण येथें ३० जुलै २०१४ रोजीं, तळिये येथें २२ जुलै २०२१ रोजीं आणि इरशाळवाडींत १९ जुलै २०२३ च्या रात्रीं महाराष्ट्रानें पाहिलें आहे. तेथें वाहिन्यांचा कांहीं संबंध नव्हता. पाणी पिऊन जड झालेला उतार काय करतो, एवढेंच त्यांवरून कळतें. परदेशांत अशा उतारांत वाहिन्या सांपडल्याहि आहेत. इक्वेडोर देशांत ५ मार्च १९८७ च्या भूकंपानें ओले डोंगर खचले आणि तेलवाहिनीचे कित्येक किलोमीटर वाहून गेले. त्या देशाची तेलाची निर्यात महिनेच्या महिने बंद पडली. चीनमधील क्वीचौ प्रांतांत २ जुलै २०१७ रोजीं संततधारेनंतर उतार सरकून वायुवाहिनी फुटली व ८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. वर्षभरानें, १० जून २०१८ रोजीं, त्याच तालुक्यांत तीच वाहिनी पुन्हां फुटली. या खेपेला तपासांत दोष निघाला तो दोन नळ जोडणाऱ्या सांध्याचा. बाहेरून आलेला ताण त्याला सोसवला नाहीं. दोन्ही अपघात एकत्र ठेवले म्हणजे ध्यानांत येतें, कीं डोंगर नुसता ओढतो. तुटावयाचें कोठें, हें बहुधा वेल्डिंग करणाऱ्याच्या हातानें आधींच ठरविलेलें असतें. म्हणून घाटांतील प्रत्येक सांध्याचें क्ष-किरणांनीं छायाचित्र घेऊन तो पारखतात. त्या कामांत जो हात राखील, त्याचा दोष लपून राहतो तो पहिल्या मोठ्या पावसापर्यंतच.

आतां ताण कमी करावयाचा कसा? पहिला उपाय कागदावरच करावयाचा असतो, तो म्हणजे मार्गाची निवड. आगगाडीनें १८६५ सालीं थळ घाट चढला तो ३७ फुटांस १ फूट अशा चढानें, डोंगराच्या कडेकडेनें वळसे घेत. बैलगाडीचा रस्ताहि तसाच वळसे घेतो. चाकांना सोपा चढ हवा असतो. वाहिनीला चाकें नाहींत. तिला सोप्या चढाची गरज नाहीं, आणि वळसा तर तिला घातक. ती उताराला आडवी गेली, तर सरकणारी माती तिला कुशींतून ढकलते आणि काठी गुडघ्यावर मोडावी तशी वांकविते. म्हणून शहाणा मार्गशोधक तिला डोंगराच्या सोंडेवरून नाकासमोर सरळ वर नेतो. मग माती सरकलीच, तर नळाच्या लांबीनें सरकते. वरच्या टोकाला ओढ बसते, खालच्या टोकाला रेटा बसतो, परंतु मध्यें कंबर मोडत नाहीं.

दुसरा उपाय पाण्याचा, आणि तोच सर्वांत मोठा. उतारावर खणलेला चर कितीहि नीट बुजविला, तरी त्यांतली माती शेजारच्या अनाघात मातीपेक्षां पोकळ राहते. पावसाचें पाणी तिच्यांत शिरतें आणि चर हा जमिनीखालचा ओढाच होऊन बसतो. तो भराव धुवून नेतो. नळाखालची माती गेली, कीं वाहिनी दोन टेंकूंमधल्या तुळईसारखी लोंबते. यासाठीं चरामध्यें नळाभोंवतीं ठराविक अंतरावर वाळूच्या किंवा सिमेंट-वाळूच्या पोत्यांचे आडवे बांध रचितात आणि प्रत्येक बांधामागें सांठणारें पाणी बाजूला काढून देतात. वर जमिनीवर तिरकस उथळ चर काढून पावसाचा लोंढा वाहिनीच्या पट्ट्यापासून दूर वळवितात, आणि उघडी माती काथ्याच्या जाळ्या व गवत लावून बांधून घेतात.

येथें वाशीमच्या माणसाला नवल वाटेल. वाशीम हा पाणलोटाचा जिल्हा. त्याच्या टेकड्यांतून काटेपूर्णा उत्तरेस तापीच्या खोऱ्याकडे जाते, तर अडाण आणि अरुणावती दक्षिण-पूर्वेस गोदावरीच्या खोऱ्याकडे. एवढीं पाणी देणारी ही भूमि स्वतः मात्र उन्हाळ्यांत तहानलेली. म्हणून पाणी अडवा, पाणी जिरवा हें वाक्य येथील भिंतीभिंतींवर रंगविलेलें, आणि धुऱ्याधुऱ्यावर केलेली बांधबंदिस्ती हें येथील पुण्यकर्म. घाटांतील वाहिनीचा अभियंता याच्या नेमकें उलट बोलतो: पाणी अडूं देऊं नका, जिरूं तर मुळींच देऊं नका. वाहिनीच्या वरच्या अंगाला कोणी सद्हेतूनें शेततळें खोदलें, तर तें तळें उताराच्या पोटांत पाणी मुरवून पायथ्याच्या घरांना आणि वाहिनीला एकदमच धोक्यांत घालूं शकतें. खेड्यांत पाण्याचा थेंब वांचविणाऱ्याला हें पटवून देणें सोपें नव्हे, आणि तें आज्ञेनें पटतहि नाहीं. त्याच्या बांधावर बसूनच समजवावें लागतें.

तिसरा उपाय भरावाचा. घाटांत नळाभोंवतींची पकड ढिली हवी, म्हणजे माती हालली तरी ती नळाला बरोबर घेऊन जात नाहीं. म्हणून चराच्या भिंती उभ्या न ठेवतां पसरट कांपतात, नळाभोंवतीं न चिकटणारी वाळू घालतात, कधीं नळाला गुळगुळीत कापडाचें वेष्टन देतात, आणि वाहिनी शक्य तितकी उथळ ठेवितात. जितकी खोल, तितकी घट्ट पकडलेली. ज्या पोलादाच्या भिंतीला पठारावर एक जाडी पुरते, तिची जाडी उतारावर वाढवितात.

वाशीमकडे हाच नियम उलटतो. येथील काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत उलते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षीं फुगणारी-आंखडणारी ही माती नळाला कोठें उचलते, कोठें सोडते, आणि वरच्या रोगणाला ओरबाडते. येथें उथळ ठेवून चालत नाहीं. वर नांगर आहे, ट्रॅक्टर आहे, विहिरीसाठीं खणणारा शेतकरी आहे; खोली हेंच येथें कवच. तेव्हां नळ खोल घालावयाचा, आणि त्याच्याभोंवतीं काळ्या मातीऐवजीं न फुगणारी मऊ माती किंवा बारीक मुरूम घालावयाचा. १९६२ च्या कायद्यानें तेल व वायु वाहिन्यांसाठीं शेतकऱ्याची जमीन न घेतां तिच्या वापराचा हक्क तेवढा घेतां येतो. जमीन त्याचीच राहते, पेरणी त्याचीच. मात्र त्या पट्ट्यावर घर बांधणें, विहीर किंवा तळें खोदणें, झाड लावणें त्याला मना आहे. समृद्धीच्या कडेची वाहिनी रस्त्याच्या हद्दींत असल्यानें हा प्रश्न पुष्कळसा टळला. परंतु इतरत्र शेतांतून जाणाऱ्या वाहिन्यांच्या बाबतींत या एका निर्बंधाची जाणीव घरोघर पोंचविणें, हें पोलादाइतकेंच महत्त्वाचें आहे.

इतकें करूनहि डोंगर सरकला तर? तेव्हां करावयाचा उपाय फार साधा आणि फार नाजूक आहे: चर पुन्हां उघडून वाहिनीला श्वास घेऊं द्यावयाचा. आधीं ताण आहे कोठें, तें शोधावें लागतें. नळावर कागदासारख्या पातळ ताणमापक पट्ट्या चिकटवितात. पोलाद ताणलें, कीं पट्टीचा विद्युत्-रोध बदलतो. पण ती पट्टी चिकटविल्यानंतरचाच बदल सांगते. आधींचें जुनें दुखणें तिला ठाऊक नसतें. त्यासाठीं नळाच्या आंतून एक यंत्र प्रवाहाबरोबर सोडितात. त्याला परदेशी कामगारांनीं पिग, म्हणजे डुक्कर, असें नांव ठेविलें आहे आणि आपल्याकडेहि तेंच रूढ झालें. तें नळाचें प्रत्येक वांकण टिपून घेतें. दोन वर्षांचीं टिपणें शेजारीं शेजारीं ठेविलीं, कीं वाहिनी कोठें हळूहळू कलते आहे तें दिसतें. उतारांत उभें भोक पाडून त्यांत घातलेली मापननळी, माती किती खोलीवर घसरते आहे, हें दाखविते.

मग कोरड्या ऋतूंत, आंतील दाब उतरवून, काम हातीं घेतात. नळाजवळ यंत्राचा फाळ नेत नाहींत. कुदळ-फावड्यानें, थोडें थोडें खणतात. सरकत्या जमिनीची जी कड असते, तेथेंच नळ सर्वांत अधिक वांकलेला असतो. म्हणून कडेच्या पलीकडच्या स्थिर जमिनींतहि कांहीं अंतर उघडावें लागतें. नुसतें मधलें पोट उघडून भागत नाहीं. माती बाजूला होऊं लागली, कीं नळ आपण होऊन जुन्या जागेकडे सरकतो. कधीं बोटभर, कधीं वीतभर. मापकांवरील आंकडे उतरूं लागतात. तो पोत्यांच्या टेंकूंवर अलगद तोलून धरितात, आणि स्वस्थ झाल्यावर वाळूचा ढिला भराव घालून चर बुजवितात. नळाला सुरकुती पडली असेल, तर मात्र तेल किंवा वायु काढून तेवढा तुकडा कापून नवा घालावा लागतो. त्या वेळीं दोन्ही बाजूंना आधीं पक्के शिकंजे लावितात. कारण कापतांच आंत कोंडलेला ताण सुटतो आणि टोकें झटक्यानें बाजूला उडतात. वर्षानुवर्षें दाबून ठेविलेली ती स्प्रिंगच असते, आणि तिच्यापुढें उभ्या असलेल्या कामगाराला दुसरी संधि मिळत नाहीं.

हा उपाय रोग बरा करीत नाहीं, दुखणें उतरवितो. डोंगराचें पाणी काढलें नाहीं, तर कांहीं वर्षांनीं तोच चर पुन्हां उघडावा लागतो. ज्या उतारावर हें वारंवार घडतें, तेथें वाहिनी जमिनीवर काढून टेंकूंवर मोकळी ठेवावी, असाहि विचार कोणाच्या मनांत येईल. अलास्कांतील १९७७ सालची तेलवाहिनी अर्ध्याहून अधिक अशीच जमिनीवरून, नागमोडी वळणें घेत गेली आहे, म्हणजे तिला लांबण्या-आंखडण्यास जागा मिळते. खोपोलीस टाटांच्या वीजघराचे उभे नळहि १९१५ पासून डोंगरावर उघडेच आहेत. पण खोपोलीच्या नळांत पाणी असतें; आणि अलास्कांत मैलोगणती वस्ती नाहीं. कसाऱ्याच्या उतारावर वस्ती आहे, गुरें आहेत, वणवे आहेत. तेल आणि वायु तेथें पुरलेलेच बरे.

म्हणून शेवटीं पावसाळ्यांत काम पडतें तें पायीं फिरणाऱ्या पहारेकऱ्यावर. मापकांचे आंकडे दूरच्या कचेरींत पोंचतात, तरी पहिल्या मोठ्या सरीनंतर कोणी तरी काठी घेऊन तो उतार चढतोच. वरच्या अंगाला गवतांत चंद्रकोरीसारखी नवी भेग पडली आहे काय. काल सरळ असलेला खुणेचा खांब आज कलला आहे काय. झाडांचे बुंधे एकाच दिशेला झुकले आहेत काय. पोत्यांच्या बांधाखालून निघणारें पाणी नितळ आहे कीं गढूळ, एवढें तो पाहतो. नितळ असेल तर पुढच्या खांबाकडे वळतो. गढूळ असेल तर तो तेथेंच थांबून कचेरीला निरोप देतो, कारण गढूळ पाण्याबरोबर नळाखालची माती चाललेली असते.